कापून घेतलेल्या नऊ फ्रेम्स

यादीतलं चौथं नाव वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुंपाख, मिलोस्लाव. वय सत्तर, कॅमेरा स्वतःचा, विमानात बसल्याचा अनुभव नाही.

"राद्का, हा माणूस नको," मी म्हणालो.

राद्का आमच्या फ्लाइंग क्लबाची पायलट. मी दर उन्हाळ्यात दोन दिवसांचा वर्ग घेतो. छोट्या विमानातून जमिनीचे फोटो कसे काढायचे, हे हौशी लोकांना शिकवतो आणि ती त्यांना वर नेते. ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे, पण मला एकेरीत दटावते.

"का? जागा आहे की एक."

"चोर आहे तो."

"काय चोरलं त्यानं?"

"माझं गाव."

"तुझं गाव कोळशाच्या खाणीनं गिळलं, व्लास्ता. अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे."

"खाणीनं जमीन नेली. फोटो यानं नेले."

तिनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सांग."

सांगण्यासारखं फार नाही, पण अडतीस वर्षं झाली तरी ते माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, आमच्याकडे विमानातून फोटो काढणं म्हणजे भानगड होती. परवानगी घ्यायची, ठरलेल्या वेळी उडायचं, आणि उतरल्यावर फिल्म न धुता तशीच लष्कराकडे द्यायची. ते धुणार, ते बघणार, आणि त्यांच्या मर्जीत बसेल तेवढं आपल्याला परत मिळणार. आपण काय टिपलं हे आपल्याआधी त्यांना दिसायचं. एक्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, आमचं ओल्शिंका गाव पाडायच्या आधी, पुरातत्त्व खात्याला तिथल्या चर्चचे वरून फोटो हवे होते. काम मला मिळालं. सात मिनिटांची परवानगी होती. चर्चच्या मागेच आमचं घर. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, "गुरुवारी सकाळी येतो गं वरून. अंगणात थांब. तुझाही फोटो काढतो."

फिल्म परत आली ती दोन तुकड्यांत. तेराव्या फ्रेमनंतर एकदम तेविसावी. मधल्या नऊ कात्रीनं कापलेल्या. चर्च राहिलं होतं, आमचं घर गेलं होतं. सोबत चिठ्ठी होती आणि तिच्यावर सही, कॅप्टन तुंपाख.

मी प्रागला गेलो. काचेच्या खिडकीमागे माझ्याच वयाचा एक गोरटेला माणूस बसला होता, केस चापूनचोपून बसवलेले. म्हणाला, "त्या फ्रेम्सवर काही नव्हतं."

"काही नव्हतं तर कापल्या कशाला?"

"काही नव्हतं म्हणूनच," असं म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली.

आता कुणी विचारेल की शहाण्या, जमिनीवरून का नाही काढलेस घराचे फोटो? विचारा, खुशाल विचारा. मी स्वतःला रोज विचारतो. माझी मिजास, दुसरं काय! खालून काय कुणीही काढेल, मी वरून काढणारा माणूस. आणि खालून काढायला अजून हिवाळाभर वेळ आहे असं वाटलं होतं. पण बुलडोझर ऑक्टोबरमध्येच आले, तेव्हा मी सैन्यातल्या सक्तीच्या सरावाला गेलेलो. आईला एका ब्लॉकच्या इमारतीत सातव्या मजल्यावर नेऊन टाकलं. मी भेटायला गेलो की दार उघडायच्या आधीच आतून विचारायची, "दिसले का रे मी?" मी म्हणायचो, "अजून आले नाहीत फोटो." नऊ वर्षं मी तिला हेच सांगत राहिलो, आणि मग ती गेली. सरकार पडल्यावर मी अर्ज केला, तेव्हा त्या वर्षीचे सगळे तुकडे जाळल्याचं उत्तर आलं. आमच्या घराचा म्हणून एकच फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी सात वर्षांचा आहे आणि पाठीमागे अर्धं दार दिसतं.

राद्कानं सगळं ऐकून घेतलं. "येऊ दे त्याला," ती म्हणाली. "पण एक सांगते. रागात असशील तर माझ्या विमानात चढायचं नाही."

"मी रागात नाही."

"मग हातातल्या त्या पावाचा चुरा का केलास?"

शनिवारी सकाळी तो आला. केस गेलेले, बाकी तोच. इस्त्रीचा शर्ट, थर्मास, कोराकरकरीत कॅमेरा. माझ्याशी हात मिळवताना पापणीसुद्धा हलली नाही. "नमस्कार, हेरिंकसाहेब. मी तुंपाख." जसं काही मला माहीतच नव्हतं!

बाकीचे तिघे गंमतजंमत करत होते. एक दातांची डॉक्टर होती, ती आणि तिचा नवरा खुर्च्या एकामागे एक लावून विमान-विमान खेळत होते. मी शिकवत होतो. लेन्सवरची टोपी काढून ठेवा, वारा ओढून नेतो. कोपर खिडकीच्या काठावर टेकवू नका, इंजिनाची थरथर हातात येते. लेन्स खिडकीबाहेर काढू नका. पायलटला गावाचं नाव सांगू नका, डावीकडे की उजवीकडे एवढंच सांगा. तुंपाख सगळं बारीक अक्षरात लिहून घेत होता. ते अक्षर मी ओळखलं. त्या चिठ्ठीवर हेच होतं.

"लिहिता काय, करून दाखवा," मी खेकसलो.

त्यानं करून दाखवलं, तेही बिनचूक. माझी चिडचिड आणखीच वाढली. मी त्याला तीनदा पट्टा बांधायला लावला, तिन्ही वेळा त्यानं निमूट बांधला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, वयस्कर माणूस आहे, जरा दमानं घ्या." मी म्हटलं, "यांना सवय आहे. यांनी लोकांना पुष्कळ ताटकळत ठेवलंय." त्यानं वर पाहिलं. थर्मासमधून चहा ओतला आणि आधी मला पुढे केला. मी घेतला नाही.

त्याची पाळी दुपारी चार वाजता आली. राद्का डावीकडे, तो तिच्या शेजारी उघड्या खिडकीपाशी, मी त्याच्या मागच्या सीटवर. कानांवर हेडफोन असले की तिघांचं बोलणं तिघांनाही ऐकू येतं. राद्कानं मागे वळून माझ्याकडे रोखून पाहिलं. मी अंगठा वर केला. खोटाच.

मीच तिला खाणीकडे घ्यायला सांगितलं. आता तिथे खाण नाही. कोळसा संपल्यावर त्यांनी खड्ड्यात पाणी सोडलं. वर शिडाच्या होड्या, काठावर आइस्क्रीमवाला, उघडीबोडकी माणसं उन्हात लोळताहेत. सगळी ओल्शिंका त्याच्या तळाशी आहे असंही म्हणता येत नाही. तळाची जमीनसुद्धा उकरून नेलेली आहे.

"काढा फोटो," मी म्हणालो. "काय दिसतंय?"

"तळं."

"आधी काय होतं?"

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. समोर मला फक्त त्याची मान दिसत होती, सुरकुतलेली, नीट दाढी केलेली.

"आधी काय होतं, कॅप्टन?" मी ओरडलो.

"ओल्शिंका," तो म्हणाला. "चर्च तिथे, पाण्यावर तरंगणाऱ्या त्या लाल बोयाच्या थोडं अलीकडे. मला माहीत आहे, हेरिंकसाहेब. तुमचं नाव वाचूनच मी आलो."

"कशाला? माफी मागायला?"

"नाही. ही जागा एकदा वरून बघायची होती. वीस वर्षं माझ्या टेबलावर दिव्याखाली अख्खा देश होता. मी स्वतः कधी विमानात बसलो नाही."

माफी नाही! निदान खोटी तरी मागायची. मी पुढे वाकून त्याच्या सीटची पाठ गदागदा हलवली. "तू कापलंस माझं घर! काय होतं त्यात, अं? एक म्हातारी आणि चार कोंबड्या! कसलं गुपित होतं रे त्यात तुझं?"

"व्लास्ता!" राद्का कडाडली. "हात मागे घे. आणखी एक शब्द वरच्या आवाजात आला तर मी खाली उतरते. दोघांनाही सांगतेय."

मी हात मागे घेतला. मग तुंपाखच बोलला, हळू आवाजात, रिपोर्ट वाचल्यासारखा.

"अंगणात गवतावर पांढऱ्या चादरी होत्या. पाच. तीन एका रेषेत, आणि त्यांच्या टोकाला दोन आडव्या. टी अक्षर."



आमच्या गवताच्या धावपट्टीवर पांढऱ्या कापडाचा मोठा टी अंथरलेला असतो. वारा कुठला, विमानानं कुठून उतरायचं, ते वरून कळावं म्हणून. क्लबातल्या पोराटोरांनाही तो ठाऊक असतो. आई दर रविवारी डबा भरून गोड पाव घेऊन यायची आणि मी खाली येईपर्यंत त्या टीच्या शेजारी गवतात बसून राहायची. तिला वाटत असणार की ते पाहूनच तिचा मुलगा घरी परततो. गुरुवारी मी तिच्या अंगणावरून दोन फेऱ्या मारल्या. पांढरं काहीतरी मला दिसलं होतं. वाळत घातलेले कपडे असतील म्हटलं आणि बटण दाबत राहिलो. वरून काढताना माणूस क्षितिज बघतो, पंख बघतो, चौकटीची कड बघतो, आत काय आहे ते बघत नाही. आणि ती मात्र नऊ वर्षं विचारत राहिली. मी तिला एकदाही विचारलं नाही की काय दिसायला हवं होतं.

"रिकामं होत आलेलं गाव," तुंपाख सांगत होता. "सरहद्द वीस किलोमीटरवर. तुमच्यासारखीच छोटी विमानं घेऊन लोक पळून जात होते तेव्हा. आणि एका घराच्या अंगणात उतरण्याची खूण, त्याच्यावर घिरट्या घालणारं विमान. मी ते वर पाठवलं असतं, तर तुम्ही तुरुंगात गेला असता. ती बाईसुद्धा. मी कापलं, जाळलं आणि काही नव्हतं असं लिहिलं."

"म्हणजे उपकार केलेस तू माझ्यावर?"

"तसं मी म्हटलं नाही."

"तसंच म्हणतोयस!" मला रडू येत होतं आणि त्याचा गळा धरावासा वाटत होता, दोन्ही एकदम. खरं बोलतोय की अडतीस वर्षं हीच गोष्ट घोटून घोटून स्वतःला झोपवतोय, कोण सांगणार? कागद जळले, आई गेली. मला एवढंच हवं होतं की हा नालायक निघावा, आणि तेवढंसुद्धा त्यानं मला मिळू दिलं नाही.

"ती कुठे होती?" मी विचारलं.

"टीच्या टोकाशी. स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणून बसली होती. चांगला कोट घातलेला, ऑगस्टमध्ये. मान वर. नऊच्या नऊ फ्रेम्समध्ये मान वर."

राद्का काही न विचारता वळली आणि आम्ही उतरलो. इंजिन बंद झाल्यावर ती बराच वेळ समोरचे आकडे वहीत उतरवत बसली. त्याला उतरताना मी हात दिला नाही. हँगरमध्ये डॉक्टरीणबाई आणि मंडळी सॉसेज भाजत होती. मी एका टेबलावरचे ग्लास बाजूला सारले, कोरा कागद आपटला आणि पेन्सिल त्याच्यापुढे टाकली.

"काढा," मी म्हणालो. "सगळं. काय कुठे होतं ते."

तो बसला. त्यानं चष्मा पुसला आणि सावकाश काढायला लागला. आधी रस्ता, मग चर्चची भिंत, मग आमचं अंगण. विहीर. अक्रोडाचं झाड. माझ्या डोळ्यांदेखत आमचं घर एका परक्या माणसाच्या हातून कागदावर उतरत होतं, आणि त्यात एकही रेघ तो खोडत नव्हता. त्यानं छप्पर काढलं आणि उजव्या बाजूला धुराडं काढलं.

"चूक!" मी टेबलावर मूठ हाणली. सॉसेजवाले सगळे वळून बघायला लागले. "धुराडं डावीकडे होतं! मी जन्मलोय त्या घरात!"

"उजवीकडे," तो म्हणाला. "झाडाच्या बाजूला."

मी त्याच्या हातातून पेन्सिल हिसकावून घेतली आणि छपराच्या डाव्या टोकावर टेकवली. हात तिथेच थांबला. मी डोळे मिटले, अंगणात उभा राहिलो, घराकडे वळून पाहिलं. अर्धं दार दिसलं. त्याच्या वर काहीच दिसेना.

मी पेन्सिल त्याला परत दिली.