सातव्या खोलीची मूर्ती

भांडारवाल्या काकांनी सगळं नीट लावून ठेवलं होतं, आणि तिथंच घात झाला.

"बाई, तुम्ही येणार म्हणून चार दिवस खपलोय," संग्रहालयाच्या तळघरातलं दार उघडत ते कौतुकानं म्हणाले. एका फळीवर मडक्यांचे तुकडे, दुसरीवर दळायचे दगड, तिसरीवर वीतभर उंचीच्या मातीच्या स्त्रीमूर्ती. सगळं धुऊनपुसून लख्ख. बाईंनी कपाळाला हात लावला.

अकरा वर्षांच्या संशोधनात त्या एकच गोष्ट घसा फोडून सांगत होत्या. प्राचीन इस्रायलचा धर्म म्हणजे राजाचं मंदिर आणि पुरोहितांचे नियम, एवढंच ग्रंथांत सापडतं. बायकांचा धर्म मात्र घरात, चुलीपाशी होता. त्याला पुरावा म्हणजे उत्खननातली सातवी खोली. तिथं राख, दळायचा दगड आणि मूर्ती एकत्र मिळाली, असं खोदणारे म्हणत. नोंदवही केव्हाच गहाळ झालेली. उरली होती ती खोलीनुसार भरलेली खोकी. बाईंच्या पुस्तकाच्या परीक्षकांनी बजावलं होतं की, ही तिन्ही एकाच खोलीतली आहेत हे दाखवा, नाहीतर पुस्तक छापणार नाही.

"खोकी कुठायत?"

"कुजली होती. टाकली."

"आणि तुकड्यांवरचे खोलीचे आकडे?"

"शाईचे डाग होय? घासून काढले. हात भरून आले नुसते."

बाई स्टुलावर बसल्या. "अहो काका, काय कशाबरोबर सापडलं, यालाच तर किंमत होती."

"पण पसारा किती! एकाच खोक्यात राख, दगड, बाहुली, सगळं कोंबलेलं."

"कुठल्या खोक्यात?"

"ते आता काय आठवणार?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. काका हिरमुसले आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर चहासाठी दूध ठेवू लागले. शेगडीमागच्या कोनाड्यात एक बिनमुंडक्याची मूर्ती उभी होती.

"ही इथं का?"

"मोडकी म्हणून रांगेत शोभेना. मग म्हटलं, राहू दे शेगडीपाशी. तेव्हापासून दूध उतू गेलेलं नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"यात सांगायचंय काय, बाई? शेगडीपाशी कोणीतरी असलेलं बरं."

बाई बघतच राहिल्या. अकरा वर्षं ज्यासाठी भांडल्या ते समोर उभं होतं, आणि तळटीपेत घालायची काही सोय नव्हती. परीक्षकांना काय कळवणार, काकांचं दूध?

दूध वर आलं, काठाशी थबकलं.

"बघा," काका म्हणाले.

बाईंनी चडफडत शेगडी बंद केली. मूर्ती उचलून फळीवर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.