तुझा जीव कोणी वाचवला?

हा प्रश्न संगणकाच्या पडद्यावर उमटतो. खाली दोन बटणं असतात : नाव सांगतो. आत्ता नको.

आजवर खेळून पाहणाऱ्या प्रत्येकाने दुसरं दाबलं होतं.

*

"आज शेवटची चाचणी," दोनातो म्हणाला. इटलीतल्या तोरिनो शहरात संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीचा तो मालक, आणि निम्मा खेळ त्यानेच लिहिलेला. "आजही कोणी नाव घेतलं नाही, तर उद्या खेळ बाहेर पडताना तुझा मुकुट त्यात नसेल."

खेळाची उरलेली निम्मी बाजू एर्सिलियाची, आणि त्यातला हा मुकुट तिने वर्षभर जपला होता. ओकच्या पानांचा. रोमन सैन्यात साथीदाराचा जीव वाचवणाऱ्याला तो मिळे, पण सेनापतीच्या मर्जीने नाही. जो वाचला त्यानेच सगळ्यांदेखत कबूल करायचं की मी याच्यामुळे जिवंत आहे, आणि पुढे जन्मभर त्याला बापाचा मान द्यायचा.

"लोक हरायला तयार असतात गं, उपकार मानायला नाही," दोनातो म्हणाला. "त्यापेक्षा मुकुट घातला की हल्ल्याचं बळ वाढतं, असं करून टाक."

"मग मुकुट कशाला म्हणायचं? नुसता तिखटपणा वाढवायचा तर मिरपूड म्हण."

"बरं, सक्ती कर. रोमनही करायचे, तूच सांगितलंस."

"करायचे. पण दटावून वदवून घेतलेलं नाव ऐकायला मजा काय?"

दोनातोने खांदे उडवले. दारावरची घंटा वाजली.

*

खेळायला आले होते भाऊ-बहीण. उबाल्दो, निवृत्त ट्रामचालक, आणि त्याची थोरली बहीण निवेस. दोघं एकाच बाजूने लढणार होते. निवेसने येताना ग्रिसिनीचा, म्हणजे पावाच्या कुरकुरीत काड्यांचा, पुडा आणला होता आणि त्या काड्या ती कडाकडा मोडून खात होती.

"सावकाश खा. शत्रूला ऐकू जाईल."

"तू समोर बघ. डावीकडून घोडे आलेत तुझ्यावर."

"दिसतंय मला."

दिसत नव्हतं. उबाल्दोचा सरदार घोड्यावरून पडला, वेढला गेला. निवेसने आपली टेकडी सोडली, निम्मी माणसं गमावली आणि त्याला ओढून बाहेर काढलं.

*

तुझा जीव कोणी वाचवला?

*

उबाल्दोने माशी हाकलावी तसा प्रश्न उडवून लावला. आत्ता नको.

दोनातोने एर्सिलियाकडे पाहिलंही नाही. न पाहणं हा त्याचा चांगुलपणा होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली. वर्षभराचं काम असं एका बोटाने जातं तर, तिच्या मनात आलं.

लढाई जिंकली. पडद्यावर छावणी आली. शेकोट्या, जखमी, भाकरी भाजणारे शिपाई. निवेस पाणी प्यायला उठली. उबाल्दो मात्र पडद्यावर इकडेतिकडे काहीतरी शोधत राहिला.

"काय हवंय?" एर्सिलियाने विचारलं.

"तो मघाचा प्रश्न कुठे गेला?"

"तुम्ही नको म्हणालात."

"अहो बाई, अंगावर घोडे येत असताना विचारलंत. तेव्हा मी आईचंही नाव सांगितलं नसतं. आता विचारा ना."

आता विचारायची सोय खेळात नव्हती. एर्सिलियाला एकदम स्वतःचंच हसू आलं. मुकुट छावणीत, सगळे जमल्यावर द्यायचा हे तिला तोंडपाठ होतं, आणि प्रश्न मात्र तिने ऐन धुमश्चक्रीत टाकला होता, का तर तिथे तो उठून दिसतो म्हणून.

"तोंडीच सांगतो मग," उबाल्दो म्हणाला. "हिने. निवेसने."

"काय म्हणालास?" निवेस पेला घेऊन दारात उभी होती.

"ऐकलंयस तू."

"नाही ऐकलं. मोठ्याने सांग."

"तू वाचवलंस मला. झालं समाधान? आणि टेकडी सोडायला नको होतीस, तो मूर्खपणा होता."

"होताच," निवेस म्हणाली, आणि तिने उरलेला पुडा त्याच्यासमोर ठेवला.

*

ते गेल्यावर दोनातोने घरी जायला चढवलेला कोट काढून पुन्हा खुंटीला लावला.

"प्रश्न छावणीत हलवायला किती वेळ लागेल?"

"सकाळपर्यंत होईल. पण खेळणारा नाव सांगेल तेव्हा बाकीचे शिपाई गप्प झाले पाहिजेत. भाकरीवालाही."

"ते शिपाई माझ्याकडे दे," दोनातो म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.