वजनाप्रमाणे मात्रा

सिस्टरने ब्लेडचं पातं गोळीवर टेकवलं आणि अंगठ्याने हलकेच दाबलं. आधी अर्धी, मग पाव, मग पावाचीही निम्मी. बशीत उरलेला तो इवलासा पांढरा तुकडा तिने चमच्याच्या पाठीने चुरला, पाण्याच्या दोन थेंबांत कालवला आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ओढून घेतला. सकाळचे सहा वाजत होते. ही चौथी मात्रा. काल दुपारी बाराला पहिली, मग सहाला, मग रात्री बाराला गजर लावून. वेळेच्या बाबतीत ती अजूनही वॉर्डातलीच होती.

बोका टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलेला होता, फक्त तोंड बाहेर. अशीच तिने छत्तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात तान्ही बाळं गुंडाळली होती. गाल हलकेच ओढायचा, कोपऱ्यातून औषध सोडायचं, गळ्यावरून बोट फिरवायचं. घोट गेला. बोक्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबली, ती तिने कापसाने टिपली.

"शहाणं माझं ते," ती पुटपुटली.

"वहिनी, काय करताय त्याला?" आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला.

"काही नाही. ताप बघतेय."

"तापच बघा हो. नाहीतर लावाल सलाईन! तुम्ही दवाखाना सोडलात, पण दवाखाना काही तुम्हाला सोडत नाही."

सिस्टर हसली. भावाच्या या घरात राहायला आल्यापासून वन्सं असंच बोलत आल्या होत्या आणि त्याला आता एकवीस वर्षं झाली होती. आधी त्यांचे यजमान गेले, मग सिस्टरचे. उरल्या दोघी, आणि मग हा बोका, जो एका दुपारी गॅलरीतून आत आला आणि सगळ्या खोल्या फिरून, प्रत्येक वस्तू हुंगून, शेवटी वन्संच्या पलंगावर जाऊन बसला. कामावर देखरेख करायला आल्यासारखा. वन्संनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. काचबिंदूने त्यांची नजर तेव्हाच अर्धी गेली होती, आता तर फक्त उजेड आणि अंधार कळायचा. मुकादम पायाशी असला की वन्सं एकट्या मोरीपर्यंत जायच्या. तो पुढे, त्या मागे.

सिस्टरला जनावर घरात नको होतं. पण आलं म्हटल्यावर तिने त्याचंही रीतसर सगळं केलं. दरसाल लस, महिन्याला जंताचं औषध, पंधरा दिवसांनी नखं. स्वयंपाकाच्या ओट्यावर चढायचं नाही, हे तिने त्याला आठवड्यात शिकवलं. परवा कुणीतरी दार उघडं टाकलं आणि तो बाहेर सटकला, तेव्हा दुसऱ्या बोक्याने मागच्या पायाला चावा घेतला. जखम तिने धुतली. काल कान तापले, नाक सुकलं, खाणं बंद झालं. काल सुट्टीचा दिवस, प्राण्यांचा दवाखाना बंद. तापासाठी कुणाची वाट बघायची? त्याला उचलून ती वजनकाट्यावर उभी राहिली, मग त्याला ठेवून एकटी उभी राहिली. फरक चार किलोंचा. चार किलोंच्या बाळाला जेवढी मात्रा, तेवढीच. गोळीचा आठवा हिस्सा, दर सहा तासांनी. हा हिशोब तिला झोपेतही चुकला नसता.

वन्संना मात्र तिने गोळीचं काही सांगितलं नव्हतं. उगाच घोर लावून घेतील.

नऊच्या सुमारास वन्संनी हाक मारली. हाक नव्हतीच ती, ओरडणं होतं.

"वहिनी, याचं तोंड बघा. माझ्या हाताला वेगळंच लागतंय."

मुकादमचं तोंड सुजलं होतं. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, पुढचे पंजे फुगून गुबगुबीत दिसत होते. सिस्टरने ओठ वर करून पाहिला. हिरड्या गुलाबी नव्हत्या, फिकट नव्हत्या, निळ्याही नव्हत्या. चहाच्या चोथ्याचा रंग होता. असा रंग तिने एवढ्या वर्षांत कुठल्याच बाळाच्या तोंडात पाहिला नव्हता. तिचं बोट ओठावर तसंच राहिलं.

"काय झालंय?"

"टोपली कुठंय?" एवढंच तिने विचारलं.

रिक्षात टोपली वन्संच्या मांडीवर होती. आतून घरघर ऐकू येत होती, आणि वन्सं झाकणाच्या फटीतून दोन बोटं आत घालून बसल्या होत्या.

प्राण्यांची डॉक्टर तिशीची असेल. तिने हिरड्या पाहिल्या आणि तिचा चेहरा बदलला. मदतनीस बाईला प्राणवायूची पेटी लावायला सांगून ती वळली.

"काय दिलंत याला? काही औषध? माणसांचं?"

सिस्टर प्राणवायूच्या पेटीची नळी नीट बसली आहे का ते बघत राहिली.

"आजी, लवकर सांगा. त्यावर उतारा आहे, पण नेमकं काय पोटात गेलंय ते कळायला हवं मला."

सिस्टरने तोंड उघडलं. तिला एकाएकी ती बाई आठवली. वॉर्डातली, सोळा नंबरच्या खाटेवरची. विटक्या पदराची, अठरा-एकोणीस वर्षांची आई. पोराला घरी कसलासा काढा पाजला होता आणि दोन दिवस बोलली नव्हती. पोर गेल्यावर बोलली. भरल्या वॉर्डात सिस्टर तिच्यावर ओरडली होती, तोंडाला काय कुलूप लावलं होतं का गं तुझ्या? त्या वेळी तिला वाटलं होतं, आपण रास्त बोललो. नंतरही वाटत होतं. आत्तापर्यंत वाटत होतं.

तिने तोंड पुन्हा मिटलं.

"मी दिली," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळली.

"तापाची गोळी. घरात असते ती. कालपासून चार वेळा दिली. अंग तापलं होतं हो त्याचं."

"तापाची गोळी?" डॉक्टरचा आवाज चढला. "अहो, मांजराला ती विष असते! रक्त खराब होतं त्याचं, प्राणवायूच धरत नाही ते. आणि तुम्हाला तर दिसतही नाही नीट, कशाला हात लावायचा औषधांना? घरात दुसरं कुणी नाही का लक्ष द्यायला? किती दिली? अर्धी? अख्खी?"

"चिमूटभर," वन्सं म्हणाल्या. तेवढं त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "चिमूटभर म्हणजे किती, आजी? मी उताऱ्याचा हिशोब कशावर काढू?"

"बासष्ट मिलिग्रॅम," सिस्टर म्हणाली. "दर सहा तासांनी. शेवटची आज सहा वाजता. वजन चार किलो."

पेन हवेतच राहिलं. डॉक्टरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वन्संकडे, मग पुन्हा तिच्याकडे. इतकी नेमकी माहिती तिला क्वचितच कुणी दिली असेल. तिने आकडे लिहून घेतले आणि पुढचं काही विचारलं नाही. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाळाच्या हिशोबाने मात्रा बरोबर आहे," सुईत औषध भरताना ती हळू आवाजात म्हणाली. "मांजराला मात्राच नसते याची. कमी नाही, जास्त नाही. त्यांच्या शरीरात ती पचवायची सोयच नाही."

दोघी बाकावर बसून राहिल्या. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता. सिस्टरने तो वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला. सव्वातीनला डॉक्टर बाहेर आली, तेव्हा तिने हातमोजे काढलेले होते.

परतताना टोपली हलकी होती.

"तुम्हाला माहीत होतं?" शेवटी सिस्टरने विचारलं.

"डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. गोळ्यांचं पाकीट करकरतं. आणि बशीवर पातं वाजतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

वन्संनी टोपलीच्या कडेवरून हात फिरवला. "तुम्ही देताय म्हटल्यावर बरोबरच असणार, असं वाटलं."

रिक्षा खड्ड्यातून गेली. सिस्टरने दांडी घट्ट धरली.

"आणि तिथे? ते ओढून कशाला घेतलंत स्वतःवर?"

"मला चार शब्द ऐकायची सवय आहे, वहिनी. तुम्हाला नाही. अख्खी गल्ली सिस्टर म्हणते तुम्हाला." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. मुद्दाम थोडंच केलंत?"

त्या रात्री त्यांनी मोरीपर्यंत जायला सिस्टरचा हात धरला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जेवल्या. वन्संनी भाताला नाव ठेवलं, मीठ कमी म्हणाल्या, आणि सिस्टरला बरं वाटलं. मुकादमची वाटी तिने सकाळीच घासून माळ्यावर ठेवली होती. ताटं उचलून तिने नेहमीप्रमाणे औषधांचा डबा काढला. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉईडची, आणि हाडांसाठीची मोठी. एकवीस वर्षं हा कार्यक्रम ठरलेला होता. सिस्टरने गोळ्या तळहातावर ठेवायच्या, वन्संनी शेंगदाणे टाकावेत तशा एकदम तोंडात टाकायच्या आणि म्हणायचं, "पाणी."

आजही वन्संनी हात पुढे केला. सिस्टरने चारही गोळ्या त्यावर ठेवल्या आणि पाण्याचं भांडं उचललं.

वन्संचा हात तोंडाकडे गेला नाही. त्यांचा अंगठा एकेका गोळीवरून सावकाश फिरत होता. कडेवरून, मधल्या रेघेवरून.

"ही कसली?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. दाराशी कोण आलंय असं विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

"रक्तदाबाची."

"आणि ही बारकी?"

"थायरॉईडची, वन्सं. नेहमीचीच."

"हं. आणि ही?"

सिस्टरने सांगितलं. चारही सांगितल्या, नाव, मात्रा, कशासाठी, वॉर्डातल्या फेरीला सांगायची तसं, एकामागून एक. वन्संनी मान हलवली. मग त्यांनी गोळ्यांवर मूठ मिटली आणि ती मांडीवर ठेवली.

सिस्टर भांडं धरून उभी होती. वन्संनी पाणी मागितलं नाही.