पद्माबाईंचा फिरकीचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. ज्याचे झाकण फिरवले की घट्ट बसते आणि गाडीने कितीही हादरे दिले तरी ज्यातले पाणी सांडत नाही, तसला मी. आता माझ्या पोटाला पोचे आले आहेत. कडी ढिली झाली आहे. हिंगोलीतल्या जानकीबाई धर्मादाय दवाखान्याच्या अडगळीत, मोडक्या खाटांच्या मागे मी पडून असतो. दिवसभर कोणी येत नाही, म्हणून म्हटले, आज तुमच्याशी बोलावे.

एका तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. ठोके देत देत त्याने माझे पोट फुगवले, गळा आवळला आणि मानेला आटे पाडले. मग हट्टा गावच्या बाजारात मला दोरीला टांगले. तिथे पद्माबाईंनी मला पाहिले. झाकण लावून त्यांनी मला उलटे धरले आणि चांगले हलवले.

"गळत न्हाई ना?" त्यांनी दुकानदाराला विचारले. "मला रोज फिरायचं हाय, म्हणून इचारते."

मी गळलो नाही आणि त्यांचा झालो.

पद्माबाई नर्स नव्हत्या आणि आयाही नव्हत्या. त्यांचे काम काय, हे पुष्कळांना शेवटपर्यंत कळले नाही. हळदीच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून हा दवाखाना चालवला होता. खेड्यातून येणारी माणसे इथे येऊन गोंधळतात, भलत्याच दारात उभी राहतात आणि न विचारताच परत जातात, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी सातवी शिकलेल्या पद्माबाईंना पगारावर नेमले. आजाऱ्याच्या घरच्यांसोबत राहायचे, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना समजावून सांगायचे आणि त्यांना जे विचारता येत नाही ते आपण विचारायचे, एवढेच ते काम. पद्माबाईंचे यजमान परगावच्या दवाखान्यात वारले होते. त्यांना काय झाले होते, हे बाईंना तिथे कोणीच सांगितले नव्हते. त्यामुळे हे काम त्यांना कोणी शिकवायची गरज पडली नाही.

डॉक्टर घाईत बोलून पुढे निघाले की त्या आडव्या यायच्या. "साहेब, जरा थांबा. हे लोक मान हलवतात, पण त्यांना काही कळलेलं नाही. परत एकदा सांगा." डॉक्टर चिडायचे, पण सांगायचे.

मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असायचो. रांगेत कोणाला घेरी आली की झाकण उघडायचे. पण सगळेच माझे पाणी पीत नसत. हट्ट्याचे अमृतराव पाय मोडलेल्या मुलाला घेऊन आले होते. पद्माबाईंनी त्यांचे सगळे काम मार्गी लावले. दुपारी त्यांचे ओठ सुकले, तेव्हा बाईंनी मला पुढे केले. अमृतराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "राहू द्या. मला तहान न्हाई." पद्माबाई बौद्ध वस्तीतल्या, हे त्यांना माहीत होते. बाईंनी माझे झाकण फिरवले. त्या दिवशी त्यांनी ते नेहमीपेक्षा घट्ट लावले.

कौतुकही वाट्याला आले, नाही असे नाही. खाजा मियांची लेक नजमा बाळंतपणात अडली होती. दवाखान्याची माणसे तिला दारातूनच परत पाठवत होती. पद्माबाईंनी भांडून तिला आत घेतले आणि आई-लेकरू दोघेही वाचले. खाजा मिया मला घरी घेऊन गेले आणि चिंचेने घासून लखलखीत करून परत आणले. "बाई, घरच्यांनी तुमचा लोटा सोन्यासारखा केला बघा," ते म्हणाले. मला वाटले, आपले दिवस असेच जातील.

मग चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा आला.

सेनगावकडच्या एका तांड्यावरून थावरा नावाचा माणूस बायकोला आणि लेकीला घेऊन आला. लेकीचे नाव जमनी. वय असेल सहा-सात वर्षांचे. तिच्या गालावर काळपट खपली होती. तांड्यावर एक पिसाळलेला कुत्रा शिरला होता आणि तो तिला चावला होता. थावराने जखमेवर चुना लावला. मग एका मंत्र घालणाऱ्याकडे खेपा घातल्या. कोणीतरी दवाखान्याचे नाव काढले, तोवर बरेच दिवस उलटून गेले होते.

डॉक्टरांनी गालाकडे पाहिले आणि पद्माबाईंना बाजूला बोलावले. "पोटात सुया द्याव्या लागतील, रोज एक. ते औषध आपल्याकडे नाही. परभणीहून आणावं लागेल. चावा तोंडाला आहे, बाई. उशीर नको."

पद्माबाईंनी थावराला सगळे सांगितले. त्याने विचारले, "जखम तर सुकून गेली. मंग सुया काहून?"

"जखम सुकली, पण इख आत गेलंय, दादा," पद्माबाई म्हणाल्या. "वर काही दिसत न्हाई, म्हणूनच घाई करायची."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही सगळे परभणीला गेलो. तिथल्या औषधाच्या कोठीवरचा माणूस म्हणाला, "साहेब दौऱ्यावर गेलेत. सहीशिवाय बाटली देता येत नाही."

"साहेब कधी येणार?"

"ते मला सांगून जातात का?"

पद्माबाई साहेबांच्या दारासमोर बसल्या. दिवस मावळला, साहेब आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच बसल्या. ज्याच्या त्याच्या टेबलापाशी जाऊन त्या एकच सांगत राहिल्या, "लेकराच्या तोंडाला चावलंय. उद्यावर टाकू नका." साहेब तिसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी उभ्या उभ्या सही केली. एवढेच काम होते, मित्रांनो.

पहिली सुई तिथेच दिली. उरलेल्या बाटल्या पद्माबाईंच्या हातात देऊन नर्स म्हणाली, "गार ठेवा, नाहीतर वाया जातील." बाईंनी माझ्यातले पाणी ओतून टाकले. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ फोडून आणला आणि बाटल्या मेणकापडात गुंडाळून माझ्या पोटात ठेवल्या. इतके महत्त्वाचे काही मी याआधी कधी वाहिले नव्हते.

पण त्याच सुमारास देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. गाड्या थांबल्या आणि सगळी गर्दी एसटीवर लोटली. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. एकामागून एक बस भरून निघून जात होती. ऊन असे की बसचा पत्रा हाताला चटके देत होता. बाईंनी पदर ओला करून माझ्याभोवती गुंडाळला. तो वाळला की पुन्हा भिजवायचा. आतला बर्फ मात्र पाणी होत गेला आणि ते पाणीही कोमट झाले.

हिंगोलीला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, तर ती कोमट लागली.

"चालंल का, साहेब?" पद्माबाईंनी विचारले.

"चालेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण दुसरं काही नाही, तर देतो."

"द्या. तोवर मी दुसरं आणते."

त्या पुन्हा परभणीला गेल्या आणि पुन्हा बर्फ, पुन्हा बाटल्या घेऊन आल्या. या वेळी बर्फ टिकला. जमनीला रोज सुई मिळू लागली. तिचे इवलेसे पोट सुजून टणक झाले होते. सुई पाहिली की ती आईच्या घागऱ्यात तोंड लपवायची. सुई झाली की पद्माबाई माझ्यात गुळाचा खडा टाकून हलवायच्या आणि तिच्यासमोर मला धरायच्या. जमनी दोन्ही हातांनी माझी मान पकडून घटाघटा प्यायची. गूळ तळाशी राहिला की हात आत घालून बोटाने चाटायची. तिच्या बोटांचा तो स्पर्श मला फार आवडायचा.

सुया अजून संपायच्या होत्या. एका सकाळी जमनी म्हणाली, "गालात मुंग्या येऊन राहिल्या." पद्माबाईंचा हात पिशवीवरच थांबला. त्यांनी नेहमीसारखा गूळ हलवला आणि मला पुढे केले. जमनीने माझ्याकडे पाहिले. पाण्याचा नुसता आवाज झाला आणि तिचा गळा आवळला. ती मागे सरकली आणि मला हाताने दूर लोटून किंचाळली.

मी फरशीवर पडलो. पहिला पोचा मला तेव्हा आला. गुळाचे पाणी सांडून आईच्या पायापर्यंत गेले. पोर तर पाणी मागत होती, जीभ सुकली होती तिची, आणि पाणी समोर आले की मरणाची भीत होती. मित्रांनो, मी पाण्याचे भांडे. त्या लेकराने माझ्याकडे पाहूच नये, एवढेच मला वाटत होते.

रोग उसळला आहे, आता पोर वाचत नाही, हे डॉक्टरांनी थावराला सांगायचे टाळले. "घरी घेऊन जा म्हणावं," ते हळूच म्हणाले.

पद्माबाई पुढे झाल्या. "साहेब, खरं सांगा. बापाला कळू द्या. आणि घरी कशाला? तिथं तिला कोण बघणार?"

डॉक्टरांनी सांगितले. थावराने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बाई, आता एक सुई जास्त दिली तर?"

"न्हाई, दादा," पद्माबाई म्हणाल्या. "आता काही उपयोग न्हाई."

वॉर्डातला माणूस दोर घेऊन आला. पोरीला खाटेला बांधून मागच्या खोलीत एकटीला ठेवायचे, असे ठरत होते. पद्माबाई त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "बांधू देणार न्हाई. झोपेचं औषध द्या. खिडकी लावा, वाऱ्यानं ती दचकते. आणि आई आत बसंल."

"आईला लाळ लागली तर?" डॉक्टरांनी विचारले.

"कसं बसायचं ते मी सांगते तिला. पण ती बसंल."

मग डॉक्टरांनी दोर परत न्यायला सांगितले. पद्माबाईंना एवढेच मिळवता आले. त्यांनी मला पदराखाली झाकले, बाहेर व्हरांड्यात नेले आणि भिंतीआड ठेवले. आतून आईचे बंजारा बोलीतले गाणे ऐकू यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाणे थांबले.

थावराने लेकीला खांद्यावर घेतले. जाताना तो म्हणाला, "बाई, तुमी लई तकलीफ घेतली." पद्माबाई रस्त्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेल्या.

पुढच्या वर्षी वर्गणी आटली आणि ते पद बंद झाले. पद्माबाई भावाकडे निघून गेल्या. जाताना त्यांनी मला मुद्दाम इथे ठेवले. "येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी होईल," असे त्या म्हणाल्या होत्या. काही महिने मी खिडकीत होतो. मग कोणी भरेनासे झाले आणि मी अडगळीत आलो.

मी खिडकीत होतो तेव्हाच थावरा पुन्हा आला होता. बैलगाडीत त्याचा म्हातारा बाप आजारी होता. त्याने दारातल्या माणसाला विचारले, "पद्माबाई कुठं हायेत?"

"त्या नाहीत आता."

"मंग त्यांच्या जागी कोण हाय?"

"कोणी नाही. रांगेत उभं राहा."

कोणती रांग, हे त्याने विचारले नाही. तो बापाला धरून ज्या रांगेत उभा राहिला, ती बाळंतिणींची होती. दुपारी नाव नोंदायची खिडकी बंद झाली तरी तो तिथेच उभा होता.

मित्रांनो, तुम्ही शिकलेले आहात. तुम्हाला पाट्या वाचता येतात. दवाखान्यात कोणी चुकीच्या रांगेत उभा दिसला, तर त्याच्याजवळ जा. त्याला काय झाले ते विचारा आणि त्याच्याबरोबर योग्य दारापर्यंत चाला. त्याने तो माणूस वाचेलच, असे मी म्हणत नाही. मी जे पाहिले आहे, त्यानंतर तसे म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण त्याला तिथे एकट्याला उभे ठेवू नका.