झोपाळू टॉवर

माझा नवरा हुवेनाल बोलायला महाकंजूस. लग्नात 'हो' म्हणतानासुद्धा पाद्रीबाबांना त्याला दोनदा विचारावं लागलं. चिलीच्या दक्षिणेकडच्या आमच्या चिलोएच्या बेटांवर मोबाईल आले तेव्हा त्याला त्यातलं एकच आवडलं, मिस कॉल. होडीत हात ओले, मोटरीचा खडखडाट, बोलत कोण बसणार? फोन कानाला न लावताच दरवेळी एक रिंग देऊन कापायचा. एक रिंग म्हणजे निघालो, बटाटे शिजायला टाक. दोन म्हणजे उशीर होईल. तीन म्हणजे ये. तीन एकदाच आल्या होत्या, मोटर बंद पडली तेव्हा. मी शेजारच्या रुपेर्तोला घेऊन त्याच्या होडीतून गेले आणि याला ओढत आणलं. तर म्हणतो कसा, "फोन उचलला नाहीस ना? उगाच पैसे गेले असते." अख्ख्या बेटाचं असंच होतं. आम्ही बोलत नव्हतो, वाजवत होतो.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीची मुलगी यास्ना आमच्याकडे नवा टॉवर घेऊन आली. ती पलीकडे मुख्य भूमीवर, मोठ्या शहरातल्या विद्यापीठात संशोधन करते. बेटाबेटावर टॉवर उभारायचे आणि त्यांनी आपसात ठरवून आपला कारभार आपणच बघायचा, असा तिचा प्रयोग. एखाद्याला काम नसेल तर त्याने झोपायचं, शेजाऱ्याने त्याचा भाग जमेल तसा सांभाळायचा. आमच्याकडे हिवाळ्यात ऊन पाहुण्यासारखं येतं आणि टॉवरची बॅटरी भरते उन्हावर, म्हणून ही काटकसर.

"मावशी, माणसाने हात लावायची गरजच नाही," ती म्हणाली.

"असा एखादा नवरा मिळतो का बघ आधी," मी म्हटलं. सगळे हसले. टॉवरच्या टोकाला लाल दिवा लागला, तो लांब समुद्रातूनही दिसायचा. पोरीचा मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, माझा फोन मुका झाला. टॉवरचा दिवा तर लागलेला होता. मी धापा टाकत टेकडीवर गेले. तिथे आणि बाहेर समुद्रात पलीकडच्या बेटाचा टॉवर पोचतो, खाली घरी नाही. यास्नाला फोन लावला.

"बंद पडला गं तुझा टॉवर."

"बंद नाही मावशी, झोपलाय. दिवा झोपेतही जळतो. त्याचं त्यानेच ठरवलं. त्याच्या मते तिथे कुणी बोलतच नाही."

"आणि आमचे मिस कॉल काय मेले?"

"ते तो फसलेले कॉल धरतो. कुणी उचलत नाही ना."

"अगं बाई, ते उचलायचे नसतातच!"

"मला माहीत आहे गं. मी तिथेच वाढले. पण त्याला शिकवताना डोक्यातच आलं नाही. आता तो शिकून बसलाय."

"मग उठव त्याला."

"उठवते की. पण तो पुन्हा हिशेब करतो आणि पुन्हा झोपतो. आमचे सर म्हणतात, हिवाळा संपेपर्यंत प्रयोग मोडायचा नाही. तुम्ही खूप बोला मावशी. जेवढं बोलाल तेवढा तो जागा राहील."

"झोपलेल्या टॉवरवरून बोलू कशी?"

"टेकडीवर जाऊन..."

"मग ते बोलणं कुणाच्या खात्यात?"

"पलीकडच्याच्या," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. लेकराला रागवू तरी काय?

त्या संध्याकाळी तिने तिकडून टॉवर उठवला. धक्क्यावरून हुवेनालची एक रिंग आली आणि मी बटाटे चुलीवर चढवले. "उठला की तुझा झोपाळू!" घरात शिरता शिरता तो म्हणाला. त्याच्या हिशेबाने हे भाषणच झालं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो जाळी काढायला गेला.

दुपार झाली, रिंग नाही. पूर्वी मी तेवढ्यावर रुपेर्तोकडे धावले असते. पूर्वी फोन गप्प म्हणजे काहीतरी झालंय. आता फोन गप्प म्हणजे काहीच नाही. पुन्हा झोपला वाटतं मेला, असं म्हणून मी मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी बटाटे किसत बसले. मग उत्तरेचा वारा सुटला. मी किसणी टाकून पळाले, पण तोवर लाटा रुपेर्तोची होडी धक्क्यावरून सुटू देईनात. आम्ही दोघं किनाऱ्यावर नुसते उभे.

वारा पडल्यावर तो सापडला. होडी खडकांत उलटी पडली होती आणि वल्ही आत बांधलेलीच होती. रुपेर्तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "वारा सुटायच्या कितीतरी आधी मोटर गेली असणार. पाखरांचं बेट हाकेवर होतं. वल्हवत गेला असता तरी वाचला असता. वल्ही सोडली का नाहीत त्याने?" कुणालाच सांगता येईना.

हुवेनालला घरात ठेवलं. बेटाबेटावरून नातलग आले, बाहेर मोठ्या भांड्यात बोकड शिजत होता. यास्नाने नुकताच टॉवर पुन्हा उठवला होता आणि अंगणात जो तो फोन कानाला लावून उभा. कसा गेला ते कुणी कुणाला सांगतंय, कुणी उद्याची लाँच किती वाजता विचारतंय, कुणी नुसतंच हुंदके देतंय. मी आत शवपेटीजवळ होते आणि यास्नाने माझा हात धरला होता.

तेवढ्यात चुलीवरच्या फळीवर माझा फोन वाजला. मेसेज होता. तुमचा फोन कव्हरेज क्षेत्राबाहेर असताना आलेले कॉल, असं वर लिहिलेलं. खाली हुवेनालचं नाव. तीनदा. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा. मग पुन्हा तीनदा.

म्हणजे त्याने मला बोलावलं होतं. टॉवरचा लाल दिवा त्याला दिसत असणार. बायकोला कळलंय, ती रुपेर्तोला घेऊन येतेच आहे, असं समजून माझा माणूस वल्ह्यांना हात न लावता बसून राहिला.

यास्नाने माझ्या हातातला फोन पाहिला. "या वेळी टॉवर जागा राहिला, मावशी," खाली बघतच ती म्हणाली. "एवढी माणसं बोलताहेत ना."

मी तिला जवळ ओढलं. बाहेर सगळे बोलतच होते.