पहिल्या यंत्राचा मान

चार वाजायला वीस मिनिटं उरली होती आणि राउटरवरचा लाल दिवा काही हिरवा व्हायचं नाव घेत नव्हता.

"काय गं पोरी, तुझा दिवा आमच्यावर रुसलाय का?" काकांनी विचारलं.

"अहो, तिला काम करू द्या की!" काकू म्हणाल्या. शिवणशाळेतून निवृत्त झाल्यावर आज त्यांचा पहिला ऑनलाइन वर्ग होता. नऊ जणी कात्र्या घेऊन बसणार होत्या.

इंटरनेट जोडायला आलेल्या मुलीने युजरनेम आणि पासवर्ड पुन्हा एकेक अक्षर बघून टाकला. अचूक होता. तरी कंपनीचा सर्व्हर दारातूनच परतवत होता. मग एकदम तिला आठवलं. राउटर लावण्याआधी लाइन तपासायला तिने याच खात्यावर आपला लॅपटॉप जोडला होता. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो; नव्या खात्यावर जे यंत्र पहिलं येईल त्याचा क्रमांक हा सर्व्हर टिपून ठेवतो आणि मग दुसऱ्या कुणाला ओळख देत नाही.

तिने ऑफिसात फोन लावला.

"स्वतःचा लॅपटॉप लावू नका म्हणून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले!" तिथला दादा करवादला.

"चुकलं, दादा. तेवढी नोंद पुसा ना."

"पुढे तेवीस जण आहेत. अर्धा-पाऊण तास धर."

तिने फोन ठेवला. "काकू, माझ्याच चुकीमुळे अडलंय."

काकूंचा चेहरा उतरला. "मग त्यांना उद्या या म्हणू? पहिल्याच दिवशी?"

मुलीने राउटरमधली केबल उपटून आपल्या लॅपटॉपला लावली. सर्व्हरने निमूट आत घेतलं.

"यावरच शिकवा. पण हा इथे, तर मीही इथेच."

"कनेक्शनबरोबर माणूसही मिळतं?" काका म्हणाले. "मग घेतलं ते बरं केलं."

चार वाजून चाळीस मिनिटांनी दादाचा फोन आला. "पुसली नोंद. लाव राउटर."

काकू ब्लाउजच्या खांद्याशी, मुंढ्यात बाही टाचत होत्या आणि पडद्यावर नऊ माना एकदम पुढे झुकल्या होत्या.

"वर्ग सुटला की पाचला लावते," मुलगी कुजबुजली.

"आता आणखी काय अडलं?"

"बाही बसतेय, दादा," म्हणत तिने काकूंपुढे टाचण्यांची डबी सरकवली.