खोड आधी सांगायची

विरूपाक्षप्पांना तुरीबद्दल विचारा. भरीव, पोचट, टपोरी, डागी, किडकी, ओलसर, शिजायला आळशी, असं एका दमात सांगतील. माणसाबद्दल विचारलं की मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मराठीत त्यांच्याकडं दोनच शेरे होते, ‘बरा हाय’ आणि ‘बरा न्हाई’. इंग्रजीत तर सगळा कारभार ‘व्हेरी गुड’वरच चालायचा. मयताला गेले तरी तेवढंच बोलून आले असते.

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. लातूर नवा जिल्हा झाला, सरकारी जीपा धुरळा उडवत फिरू लागल्या, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. आणि नेमकं त्याच साली पावसानं पाठ फिरवली. गंजात माल येईना. हमाल सावली बघून आडवे व्हायचे आणि वजनकाट्यावर चिमण्या बसायच्या. अशा रिकाम्या दुपारी विरूपाक्षप्पांची लेक शिवकांता त्यांना इंग्रजी शिकवायला बसली. ती नुकतीच बी.ए. झाली होती.

कारण तसंच होतं. नव्या जिल्ह्याबरोबर नव्या बँका आल्या, आणि अशाच एका बँकेत बसवंत नावाचा मुलगा बदलून आला. जातीतला, शांत, मराठी बऱ्यापैकी समजणारा. शिवकांता खातं उघडायला गेली ती त्याला मनात घेऊनच घरी आली. तिनं आईला सांगितलं, आईनं अप्पांना. मुलाला वडील नव्हते. आई शरणम्मा दावणगिरीकडं हायस्कूलच्या मुख्याध्यापक होत्या. त्यांना कानडी यायचं, इंग्रजी यायचं, मराठीचा गंध नव्हता. विरूपाक्षप्पांच्या घरातलं कानडी आजोबांबरोबरच गेलं होतं. उरलं होतं ते मापाचं आणि शिव्यांचं. बाई कलबुर्ग्याच्या असत्या तर दखनी उर्दूत निभावून नेलं असतं. मुलालाच दुभाषी करणं शोभेना, म्हणून बोलणी व्हायची ती इंग्रजीतच, आणि लेकीच्या मनात बसलेलं स्थळ आपल्या तोंडानं मोडू नये या धास्तीनं बापाला घास गोड लागेना.

“अप्पा, आजपासून गुड बंद,” शिवकांता म्हणाली. “गुड म्हणजे नुसतं ‘माल हाय’ म्हणल्यावानी. कसला माल, ते सांगायचं.”

ही भाषा विरूपाक्षप्पांना कळली. ते मांडी ठोकून बसले.

“आपला केरबा हमाल कसा हाय?”

“दिवसभर ओझं वाहतो, पर कधी कुरकुर न्हाई.”

“पेशंट. धीराचा.”

“आन मनात आलं की लगेच तोंडात, त्याला काय म्हणायचं? तुझ्या अव्वावानी?”

“आउटस्पोकन.”

“आन रागाला यायला कारणबी लागत न्हाई, त्याला?”

“शॉर्ट-टेम्पर्ड.”

आत शिवकांताच्या आईनं, कमलम्मांनी, पातेलं आपटलं. “ऐकून राहिले मी!” त्या ओरडल्या.

“दोन्ही शब्द बरोबर बसले,” विरूपाक्षप्पा हळूच म्हणाले, आणि बापलेक तोंडावर हात धरून हसले.

असे दिवस गेले. दुष्काळ होता, टँकरच्या रांगेत भांडणं होती, पण विरूपाक्षप्पांना त्या दुपारी आवडू लागल्या. दानशूर तो जेनरस. आतून हालल्यासारखं होतं तो अँक्शस. “मग मी सकाळपासून अँक्शसच हाय की,” ते म्हणाले, आणि आपल्या दुखण्याला नाव मिळाल्यासारखं त्यांना बरं वाटलं. लेक शेजारी बसून शिकवते आहे, ही आणखी थोड्या दिवसांची चैन आहे, हेही त्यांना कळत होतं.

पाहुणे यायच्या सकाळी कमलम्मांनी बजावलं, “अव्हो, शिकलेली बाई हाय. लेकीचं चांगलं चांगलं सांगा. एवढं शिकून राहिले, ते आता कामी येऊ द्या.”

“हाव, हाव,” विरूपाक्षप्पा म्हणाले.

शरणम्मा आणि बसवंत आले. शरणु-शरणार्थी म्हणत नमस्कार झाले, चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. मग शरणम्मांनी चष्मा सारखा केला आणि अगदी सावकाश, समोरच्याला कळावं अशा इंग्रजीत विचारलं, “तुमच्या मुलीबद्दल सांगा. ती कशी आहे?”

आता इथं विरूपाक्षप्पांच्या आडतीची रीत सांगायला हवी. त्यांच्या आज्यापासून त्या दुकानात मालाची खोड आधी सांगायची. गिऱ्हाईक आलं की पोत्याच्या पोटात लोखंडी नळी खुपसायची, तूर तळहातावर घ्यायची आणि डागी दाणे स्वतःच बोटानं दाखवायचे. मग हात जोडून गप्प बसायचं. तारीफ करणं हे दलालांचं काम. गंजातलं जुनं गिऱ्हाईक म्हणायचं, विरूपाक्षप्पा जेवढे गप्प, तेवढा माल भारी. आणि माणूस घाबरला की शिकवलेलं विसरतो, मुरलेलं तेवढं बाहेर येतं.

“स्टबर्न,” विरूपाक्षप्पा म्हणाले. पुढं मराठीत जोडलं, “लई हट्टी. हो म्हणली की हो, न्हाई म्हणली की न्हाई.” बसवंतनं आईला समजावून सांगितलं.

“इम्पेशंट. एस्टी उशिरा आली तर चालत निघती.”

“आउटस्पोकन. आईवर गेली.”

“शॉर्ट-टेम्पर्ड. चहाआधी बोलायचं न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी हात जोडले आणि ते गप्प बसले.

शरणम्मा पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या. दाराआड कमलम्मांनी कपाळावर हात मारला. शिवकांता पानसुपारीचं तबक घेऊन उंबऱ्यात उभी होती. इतके गोड शब्द तिनं बापाच्या पदरात टाकले होते आणि बापानं वेचून वेचून खडे तेवढे उचलले होते. तिचे डोळे भरून आले.

“अप्पा,” ती म्हणाली, “माझ्यासाठी एकबी चांगला शब्द न्हाई सापडला?”

आपण काय करून बसलो ते विरूपाक्षप्पांना तेव्हा कळलं. इंग्रजी तर पारच उडून गेलं.

“शिवू, चांगल्या पोत्याची तारीफ मी कवा केली?” ते म्हणाले. “ज्याची खात्री न्हाई, त्याचीच तारीफ करावी लागती. तुझ्यात जेवढी दाखवायसारखी खोड होती तेवढी दाखवली. त्याच्या पलीकडं लपवायला काहीच न्हाई म्हणून गप्प बसलो. तू काही माल न्हाईस, बाई. पर मला दुसरं बोलायला येत न्हाई.”

बसवंतनं हे आईला कानडीत सांगितलं. सांगताना तो दोनदा अडखळला आणि त्याचे कान लाल झाले. शरणम्मांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग वर्गात हजेरी घ्यावी तशी त्यांनी स्वतःच्या मुलाकडं मान वळवली.

“फरगेटफुल,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “काही लक्षात ठेवत नाही. लेझी. रविवारी तर विचारू नका. टिमिड. पालीला भितो.”

आणि हात जोडून त्याही गप्प बसल्या.

बसवंत मान खाली घालून हसू लागला. विरूपाक्षप्पांचा जीव भांड्यात पडला. शिवकांतानं हळूच अर्थ सांगितला तशी दाराआडून कमलम्मांनी विचारलं, “पाल म्हणून राहिल्या का काय त्या?” मग बैठकीत एकच हशा झाला.

हसू ओसरल्यावर शरणम्मांनी शिवकांताला जवळ बोलावलं. “आता तू सांग,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “तुझे वडील कसे आहेत?”

शिवकांतानं तबक खाली ठेवलं. बापाकडं सरळ बघितलं.

“स्टबर्न,” ती म्हणाली. “इम्पेशंट. टॅक्टलेस. कुठं काय बोलावं याचा जराही पोच नसलेले.”

मग तिनं हात जोडले.

विरूपाक्षप्पा पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आला नाही. लेक हात जोडून त्यांच्याकडं बघत उभी होती. ती का गप्प आहे ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि भाव कितीही पडला तरी गंजात कधी डोळ्यातून टिपूस न काढलेला तो माणूस पाहुण्यांदेखत रडू लागला. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. शरणम्मा उठल्या, दाराशी गेल्या आणि कमलम्मांकडं खुणेनं साखर मागितली.